हातांची उजळणी

माझ्या आत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती कोकणातून आमच्याकडे कांदिवलीला राहायला आली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि ती गेली तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मधल्या सगळ्या वर्षांत आमच्या दोन खोल्यांत दोन तऱ्हेचं बोलणं चालायचं. एक तोंडाचं. ते घाईचं असायचं, पाणी आल्याचं, दूध नासल्याचं, कुणाला उशीर झाल्याचं. दुसरं हातांचं, आणि ते फक्त आत्याचं आणि माझं. दुपारी सगळे बाहेर गेले की ती गॅलरीत तांदूळ निवडत बसायची आणि मधेच सूप बाजूला सारून मला गावाकडच्या गोष्टी सांगायची. खाडीला भरती येते हे सांगताना तिचे दोन्ही तळवे इतक्या सावकाश वर यायचे की मला पाय उचलून घ्यावेसे वाटायचे.

ती गेली आणि माझ्या हातांना काही काम उरलं नाही. वरण ढवळताना, केस विंचरताना ते मधेच थांबायचे. काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखे.

अशातच शेजारच्या काकूंनी अंधेरीच्या एका शाळेचं नाव सांगितलं. बहिऱ्या मुलांची शाळा. "तुला ते हातवारे येतात ना गं? जाऊन तर बघ," म्हणाल्या. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी गेले. एका गल्लीच्या टोकाला जुना बैठा बंगला होता, पुढे बदामाचं झाड, आणि आत पाच वर्ग. मधल्या सुट्टीची वेळ होती. साठ-सत्तर मुलं अंगणात खेळत होती आणि गलका असा नव्हताच. नुसती पावलं, मधूनच एखादं मोठं हसू, आणि हवेत सगळीकडे हात. मी फाटकाशी उभी राहिले आणि मला वाटलं, आपण जागेपणी हे बघत नाही आहोत. आत्यासारखी माणसं जगात इतकी असतील असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी मला काही प्रश्न विचारले नाहीत, थेट सातवीच्या वर्गात नेऊन उभं केलं. विज्ञानाचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते आणि मुलं त्यांच्या पाठीकडे बघत बसली होती.

"लहान वर्गांना आम्ही बोलायलाच शिकवतो," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ओठ वाचायचे, आवाज काढायचा. तिथे हात चालत नाहीत. नियम आहे. पण वरच्या वर्गांना इतिहास आहे, विज्ञान आहे. ओठ वाचून वाचून किती वाचणार? तू त्या खिडकीशी उभी राहा. सर बोलतील ते हातांनी पोचव."

कागदोपत्री माझं पद होतं 'मदतनीस'. त्याला एक अट होती. दर मे महिन्यात घाटकोपरला शिक्षकांचा पंधरा दिवसांचा उजळणी वर्ग भरायचा. तो पुरा केल्याचा कागद जूनमध्ये शाळेच्या समितीपुढे ठेवायचा. कागद नसेल तर पुढच्या वर्षी काम नाही.

पहिल्या मे महिन्यात मी वही घेऊन मोठ्या उत्साहाने गेले. अंधेरीहून साकीनाक्यावरून बस जायची, खिडकीतून गरम वारा आणि धूळ. वर्ग एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ, आवाज मात्र फार मऊ. त्यांनी आमच्यापुढे एकेक आरसा आणि एकेक मेणबत्ती ठेवली. 'प' म्हटला की ज्योत वाकली पाहिजे, 'ब' म्हटला की गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप कळला पाहिजे.

"आणि हात मांडीवर," त्या म्हणाल्या. "मुलांना हात दिसले की ती ओठांकडे बघत नाहीत."

पंधरा दिवस मी हात मांडीवर ठेवून बसले. दुपारी पंखा फिरत राहायचा, चाळीस मेणबत्त्या एकदम वाकायच्या, पुन्हा सरळ व्हायच्या, आणि कुणी बोलत नसे. डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत मला आत्या दिसायची, समोरच्या बाकावर, तिच्याही हातांवर कुणीतरी वही ठेवलेली. शेवटच्या दिवशी मला कागद मिळाला. हातांबद्दल एक अक्षरही न शिकता मी मुलांशी हातांनी बोलायला लायक ठरले.

त्याच जुलैत ते घडलं.

सातवीतून आठवीत गेलेली एक मुलगी होती. आमच्या शाळेत मुलं एकमेकांना नावाने ओळखत नसत, प्रत्येकाची एक खूण असायची. हिच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून हनुवटीला बोट टेकवलं की ती. हुशार, भांडखोर, शंका काढणारी. मी काही पोचवायला चुकले तर सगळ्या वर्गात पहिली हिची भुवई वर जायची.

एका दुपारी तिचे वडील आले. गिरणीतलं काम सुटल्यावर मुलुंडला कुठल्याशा कारखान्यात पहारेकरी झाले होते. मूळचे आमच्याच बाजूचे, मालवणकडचे. मोठ्या बाईंच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर बसले. मुलगी दाराशी उभी. मी दोघांच्या मधे.

"हिका गावाक धाडूचा आसा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा शहरी बोलू लागले. "भावजय एकटी आहे, घरात काम आहे. हिला शिकवून करायचं काय? तोंडातून शब्द नाय. उद्या कोण हिला पत्करणार? जन्माचं ओझं आहे बाई माझ्या डोक्यावर. दाखला मागायला नंतर येईन, आज घेऊनच जातो."

मुलगी माझ्या हातांकडे बघत होती. मला ते शब्द हातांत घेववेनात. ओझं म्हणताना दोन्ही हात खांद्यावर न्यायचे आणि पाठ वाकवायची. आत्याने ती खूण मला लाकडाच्या मोळीसाठी शिकवली होती. ती मी हिच्यासाठी कशी करू? मी म्हटलं, "बाबा म्हणतात, काकू एकटी आहे. थोडे दिवस गावी चल."

तिने वडिलांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ वाचायला शाळेनेच तिला शिकवलं होतं. तिने आपले ओठ गोल केले, वडिलांचे झाले होते तसे, आणि विचारलं, "हे काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "लवकर परत ये म्हणाले."

ती दप्तर घेऊन निघाली. फाटकाशी वळून तिने मैत्रिणींना हात केला, आठ दिवसांनी येते. भांडली नाही, रडली नाही. भांडायचं कारणच मी तिला कळू दिलं नव्हतं.

आठ दिवस गेले, महिना गेला. तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसू लागली. वर्गात कुणी हनुवटीला बोट टेकवलं की मी खिडकीबाहेर बघायची. शेवटी न राहवून मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत.

"तुला तिची दया आली," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तिच्या वाटचं तूच ऐकून घेतलंस. तिला उत्तर द्यायचं असेल असं नाही का वाटलं तुला?"

"नाही वाटलं," मी म्हटलं.

"हे बघ, घाटकोपरचा कागद समितीसाठी. तो तू आणशीलच. पण मला दुसरं हवंय. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तू आठवी-नववीपुढे उभी राहायचंस. त्या महिन्यात नवीन काय शिकलीस ते दाखवायचं. पास की नापास ते मुलं ठरवतील. मी नाही."

"आणि शिकायचं कोणाकडे?"

त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. पत्ता कसला, वर्सोव्याचा किनारा, होड्या ओढून ठेवतात ती जागा, रविवार, दुपारी चारनंतर.

मी गेले. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, ओळीने, अंगणात धुणं टाकावं तसे. त्यांच्या पलीकडे, पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत दहा-बाराजणं बसली होती. बायका, पुरुष, एक म्हातारी कोळीण. वाऱ्याने त्यांच्या शर्टांची फडफड ऐकू येत होती, बाकी काही नाही. पण त्यांचे हात असे चालले होते की मला लांबूनच कळलं, इथे मोठा वाद चाललाय. जवळ गेल्यावर समजलं, वाद होता बटाटेवड्यात लसूण घालावी की नाही यावर.

त्यांच्यात एक पन्नाशीचे गृहस्थ होते. छापखान्यात कंपोझिटर, अक्षरांचे खिळे जुळवायचे. बोटांची टोकं काळी. मी हातांनी माझी ओळख सांगितली आणि ते बघतच राहिले. मग पोट धरून हसले. बाकीच्यांना दाखवून पुन्हा हसले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, "तुम्ही गावाकडच्या म्हाताऱ्या बाईसारखं बोलता."

मला एकदम रडू आलं. आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती आणि कुणीतरी तिला माझ्या हातांत ओळखलं होतं. ते गोंधळले. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हसू पुसून टाकलं आणि म्हातारीला जवळ बोलावलं. म्हातारीने माझे हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिले, मासे बघावेत तसे, आणि मान डोलावली. मग त्यांनी मला एक खूण दिली, खिडकीच्या गजांवर दोन हात. शाळेत मी कुठे उभी असते ते मी सांगितलं होतं, त्यावरून. त्या दिवसापासून मी त्यांच्यात 'खिडकी'.

मी त्यांना जुलैची गोष्टही सांगितली. कंपोझिटर आता हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांची आई इस्पितळात होती तेव्हा डॉक्टरांचं बोलणं त्यांची बहीण त्यांना हातांनी सांगायची. रोज सांगायची, बरी आहे, उद्या सोडतील. तिला त्यांना दुखवायचं नव्हतं. त्यामुळे ते कामावर जात राहिले, आणि आई गेली त्या दिवशीही ते खिळे जुळवत होते.

"माझ्यासाठी आलेला शब्द माझा असतो," ते हातांनी म्हणाले. "कडू असला तरी. तू वाटेत चाखायचा नाही."

नंतरचे कितीतरी रविवार मी त्या वाळूत घालवले. आता आठवताना ते सगळे मिळून एकच लांब दुपार वाटतात. सूर्य मढच्या बाजूला उतरत चाललाय, पलीकडे जाणारी होडी माणसांनी भरतेय, आणि काळ्या टोकांची बोटं माझं बोट धरून जरा वळवताहेत, असं नाही, असं. मी आणि आत्याने आमच्यापुरत्या केलेल्या खुणा होत्या, त्या बाहेर कुणाला कळत नव्हत्या. त्या मी टाकल्या नाहीत, पण बाजूला ठेवल्या. झोपेतसुद्धा मला हात दिसायचे. माणसं नाहीत, नुसते हात, पाण्यातल्या झाडांसारखे हलणारे, आणि ते काय म्हणताहेत ते मला सगळं समजायचं. जाग आली की त्यातलं एकही आठवायचं नाही.

पहिल्या शनिवारी मी नापास झाले. तीस मुलांनी तीस अंगठे खाली केले, आणि त्यांना इतका आनंद झाला की शिपाई धावत आला. दुसऱ्या शनिवारीही नापास. पानं सूर्यप्रकाशात अन्न कसं तयार करतात ते सांगायला माझ्याकडे खूणच नव्हती, मी अक्षरं जुळवत बसले होते. एक मुलगा उठून पुढे आला. त्याने डावा तळवा पानासारखा पसरला, उजव्या हाताची बोटं वरून उन्हासारखी त्यावर सोडली आणि मग तोच तळवा हळूच मिटून घास झाला. मागे सर उभे होते. ते म्हणाले, "अरे, मला पंधरा वर्षांत हे इतकं सोपं करून सांगता आलं नाही." तिसऱ्या शनिवारी अर्धे अंगठे वर होते.

डिसेंबरात त्या मुलीचे वडील दाखला न्यायला आले. मोठ्या बाईंनी त्यांना पत्र टाकून कळवलं होतं की मुलीची सही लागेल, तिला बरोबर आणा. सही वगैरे काही लागत नव्हती. ती आली. वाळली होती, हातांना घट्टे पडले होते. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मोठ्या बाई वडिलांना म्हणाल्या, "दाखला तयार आहे. पण त्याआधी एकदा तिच्यासमोर सांगा, का नेताय ते. ही सगळं जसंच्या तसं तिला सांगेल, आणि ती काय म्हणते ते तुम्हाला."

"सांगायचं काय?" ते म्हणाले. "तेव्हाच सांगितलं की. बोलता येत नाय. ओझं आहे."

माझे दोन्ही हात खांद्यावर गेले, पाठ वाकली. मुलीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी थांबलं. तिने पुन्हा ओठ गोल केले, जुलैत केले होते तसे, आणि मान हलवली. सापडला तो शब्द. मग तिचे हात सुरू झाले.

हातांच्या भाषेत अहोजाहो नसतं, सगळ्यांना तूच. मी तिचा आवाज झाले, 'ती म्हणते' असं न लावता.

"मी ओझं? गावी विहिरीवरून पाणी मी आणते. काकूची दोन्ही पोरं मी सांभाळते. उचलते कोण आणि उचलून घेतं कोण? तू मला न्यायला आलास तेव्हा मला विचारलं नाहीस. तू मला कधीच काही विचारलं नाहीस. जेवलीस का, एवढंसुद्धा."

ते दचकून माझ्याकडे बघू लागले. "बाई, ह्या तुमी बोलतास?"

"मी नाही. तुमची मुलगी बोलतेय. तिच्याकडे बघा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि तेव्हाच ती माझ्याकडे वळली. तिचं बोट माझ्यावर रोखलेलं होतं. तिने जे म्हटलं ते मला चांगलं समजलं. क्षणभर वाटलं, हे सांगायची काय गरज आहे, हे यांच्या विषयाचं नाही. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

"आणि जुलैत," मी तिच्या वतीने म्हटलं, "ह्या बाईने मला खोटं सांगितलं. म्हणाली, थोडे दिवस. मला खरं कळलं असतं तर मी ह्या दाराला धरून बसले असते. पाच महिने मी रोज वाट बघितली, कोणीतरी न्यायला येईल म्हणून. मी दोघांवर रागावले आहे. तुझ्यावर आणि हिच्यावर."

बाहेर बदामाचं एक मोठं तांबडं पान पायरीवर पडलं, त्याचासुद्धा आवाज आला. मग मी माझ्या स्वतःच्या हातांनी तिला म्हटलं, "खरं आहे. चुकले मी." तिने नजर फिरवली.

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हिका एवढा समजता," ते अगदी हळू म्हणाले, "ह्या माका ठावक नव्हता." मी तेही पोचवलं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. ते उठले, नमस्कार केला, मुलीला घेऊन गेले. दाखला मात्र टेबलावरच राहिला. मोठ्या बाईंनी तो उचलून कपाटात ठेवला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात शिरले तर ती आपल्या जुन्या बाकावर बसली होती आणि दुसरी मुलगी कोपऱ्यात सरकली होती. तिचं ते वर्ष वाया गेलंच. आठवी तिने पुन्हा केली. माझ्याशी महिनाभर फक्त कामापुरतं बोलली. शनिवारच्या परीक्षेत सगळे अंगठे वर असताना तिचा खाली असायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, "एक जरी खाली असला तरी नापास," आणि मला ते पटत होतं.

मे महिना आला, मी पुन्हा घाटकोपरला. पुन्हा आरसे, पुन्हा मेणबत्त्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकीने पाठ घेऊन दाखवायचा होता. मी उभी राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला माझे हात पदराखालून बाहेर आले. मी ठरवून केलं नव्हतं. त्यांना आता आत बसवतच नव्हतं. चाळीसजणी माझ्याकडे बघू लागल्या. शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पाठ पुरा होऊ दिला. नंतर मला थांबवून घेतलं.

"मी तीस वर्षं हेच शिकवलं," त्या म्हणाल्या. "माझी काही मुलं छान बोलायला लागली. काही नाही लागली. ती कुठे गेली मला माहीत नाही." त्यांनी माझ्या कागदावर सही केली. "हा दिला नाही तर जूनमध्ये तू तुझ्या मुलांसमोर नसशील. घे."

त्या पुढच्या थंडीत आम्ही मुलांची सहल गोराईला नेली. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडायला दोन होड्या केल्या. एकीत मी आणि लहान मुलं, दुसरीत आठवी-नववी आणि सर. इंजिनांचा इतका धडधडाट होता की सर तिथून ओरडून काय सांगत होते ते मला अजिबात ऐकू आलं नाही, आणि त्यांनाही माझं. कांदळवनावर धुकं होतं, पाणी शिशासारखं, आणि दोन होड्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. तेवढ्यात त्या होडीच्या टोकावर ती मुलगी उभी राहिली. सरांनी तिच्या फ्रॉकचा पट्टा मागून धरून ठेवला होता.

"सर विचारतात, खाऊची पिशवी तुझ्याकडे आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

ती खाली बसेल असं वाटलं, पण बसली नाही. धुक्यात तिचे हात स्पष्ट दिसत होते, तेवढेच स्पष्ट. "माझा बाप शिकतोय," ती म्हणाली. "त्याला तीन खुणा येतात. जेवलीस का. उशीर का झाला. आणि तिसरी चुकीची करतो. म्हणायचं असतं पाऊस, आणि म्हणतो म्हैस."

मी हसले. तीही हसली.

"मग तू सांगितलंस का त्याला, चुकतंय म्हणून?"

"रोज सांगते," ती म्हणाली, आणि पाण्यावरून पुढे आणखी काहीतरी सांगत राहिली.